‘चारुलता’ आणि संथपणाचा आक्षेप

चित्रपट ‘संथ’ आहे, एवढे म्हटले की परीक्षण संपले अशी समजूत पुष्कळ रूढ आहे. वस्तुतः परीक्षणास तेथूनच आरंभ व्हावयास हवा. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’चे (१९६४) जे स्वागत झाले, ते या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या दीर्घकथेवर हा चित्रपट आधारलेला आहे. वर्तमानपत्राच्या व्यापात गढलेला भूपती, त्याची एकाकी पत्नी चारू आणि साहित्याचे वेड असलेला त्याचा आतेभाऊ अमल, एवढीच मुख्य माणसे. कान येथील महोत्सवाने तो नाकारला. १९६५ मध्ये बर्लिनने मात्र रायांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या परीक्षणात त्याच्या गतीला डौलदार गोगलगाईची उपमा मिळाली. बंगालमध्ये अशोक रुद्र यांचा आक्षेप निराळाच होता: चित्रपट मूळ कथेपासून दूर गेला. त्यास रायांनी स्वतः सविस्तर लेखी उत्तर दिले.

हे दोन आक्षेप परस्परांशी असंबद्ध भासतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे, असे आम्हांस वाटते. पत्रात बुडालेल्या भूपतीला पत्नीचे तारुण्य दिसलेच नाही, हे कथाकार निवेदनातून सांगू शकतो. निवेदक नसलेल्या चित्रपटाला तेच काम काळाच्या द्वारा करावे लागते. म्हणून आरंभीची सुमारे सात मिनिटे जवळजवळ निःशब्द आहेत. चारू रुमालावर भरतकाम करते, पुस्तके चाळते, खिडक्यांच्या झडपांतून दुर्बिणीने रस्त्यावरची माणसे न्याहाळते. इतक्यात भूपती पुस्तक वाचत तिच्याजवळून निघून जातो; त्याचे लक्षही जात नाही. पाठमोऱ्या पतीकडे ती त्याच दुर्बिणीतून पाहते. ही मिनिटे कमी केली तर तिचा एकाकीपणा आपणांस कळेल, पण जाणवणार नाही.

उलट, जेथे कथा संथ आहे तेथे राय त्वरा करतात. कथेत भूपतीला सत्य हळूहळू उमगते. चित्रपटात अमलसाठी रडणारी चारू दिसताच त्यास सारे कळते. अखेरीस परस्परांकडे पुढे झालेले हात भेटण्यापूर्वीच चित्र स्थिर होते. सारांश, रायांनी कथेचा वेग जागोजागी बदलला आहे. तो सरसकट मंदावलेला नाही.

प्रत्येक संथ चित्रपट थोर असतो, असे आमचे म्हणणे नाही. रिकामा संथपणाही असतो. म्हणूनच ‘हा वेळ कशासाठी खर्ची पडला?’ असा प्रश्न विचारणे परीक्षकाचे कर्तव्य ठरते. कानने २०१३ मध्ये हाच चित्रपट आपल्या अभिजात विभागात दाखविला. पण आपणांस एवढी वर्षे थांबण्याचे कारण नाही. शिक्षकांनी ‘नष्टनीड’चे आरंभीचे परिच्छेद आणि ती सात मिनिटे विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावीत. शब्दाचा धर्म कोणता व चित्राचा कोणता, हे व्याख्येवाचून त्यांच्या ध्यानी येईल.