कृत्रिम माशी आणि नदीचा शिष्टाचार

गळाने मासे धरण्याची सामान्य रीत सर्वांच्या परिचयाची आहे. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावावयाची, दोरीला शिशाचा तुकडा बांधावयाचा आणि ती पाण्यात सोडून वाट पाहत बसावयाचे. शिशाच्या वजनाने दोरी दूर जाते व आमिषाच्या वासाने मासा जवळ येतो. थंड, वाहत्या पाण्यातील ट्राउट मासा धरण्यासाठी जी निराळी पद्धत रूढ झाली, तीत शिसेही नाही आणि वासही नाही. गळावर बांधलेली असते ती पिसे, लोकर व रेशीम यांची एक नकली माशी. तिचे वजन इतके अल्प असते की ती हाताने फेकली तर चार हातांपलीकडे जात नाही.

ही अडचण एका युक्तीने दूर केली जाते. वजन आमिषात न ठेवता दोरातच ठेवलेले असते. निमुळता होत गेलेला हा जड दोर लवचीक काठीच्या साहाय्याने प्रथम मागे उडवावयाचा, तो पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावयाचे आणि मग पुढे सोडावयाचा. नवशिक्याचे चुकते ते बहुधा या क्षणभराच्या थांबण्यात. हात घाई करतो, दोर मागे उलगडतच नाही आणि पुढे त्याचा गुंताळा होऊन पडतो. दोराच्या टोकाला बारीक पारदर्शक धागा असतो. पूर्वी तो घोड्याच्या केसांचा व नंतर रेशमाच्या किड्यापासून काढलेल्या तंतूचा असे. आता तो नायलॉनसारख्या कृत्रिम द्रव्याचा असतो. काठीही बदलत गेली. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षट्‌कोनी काठी करण्याची कला विकसित झाली, तेव्हा त्यासाठी लागणारा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जात असे आणि पाश्चात्त्य कारागीर त्याला कलकत्त्याच्याच नावाने ओळखत. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली.

नकली माशीची कल्पना मात्र फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील एका नदीचे वर्णन केले आहे. तेथील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत आणि त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधीत. खरी माशी हातात धरली की तिचा रंग जातो व ती निरुपयोगी होते, म्हणून हा उपाय. आजची माशीदेखील मूलतः याहून फारशी वेगळी नाही.

ही फसवणूक साधावयाची असेल तर ज्याचे सोंग आणावयाचे त्या कीटकाचे चरित्र ठाऊक असले पाहिजे. ट्राउटच्या नद्यांतील सर्वांत महत्त्वाचा कीटक म्हणजे मे-माशी. तिच्या आयुष्याचा बहुतेक सर्व काळ, जातीनुसार काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, नदीच्या तळाशी जातो. या अर्भकावस्थेत ती शेवाळ व कुजकी पाने खाऊन वाढते. मग एखाद्या दिवशी ती पृष्ठभागाकडे येते, पाठीवरची कात फाटते आणि मळकट पंखांचा एक कीटक पाण्यावर उभा राहतो. पंख वाळेपर्यंत तो प्रवाहाबरोबर वाहत जातो. माशाला अशी सोपी शिकार दुसरी नाही. जे वाचतात ते काठच्या झाडीत जाऊन पुन्हा एकदा कात टाकतात. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गण आहे. या शेवटच्या रूपाला अन्न खाता येईल असे तोंडच नसते. मीलन, अंडी घालणे आणि मृत्यू, हे सारे एका-दोन दिवसांत, कित्येकदा काही तासांतच, उरकते.

नदीवर एकाच जातीच्या अशा माश्या शेकड्यांनी उतरू लागल्या की ट्राउट केवळ तीच जात, आणि तीही त्याच अवस्थेतील, टिपू लागतो. समोरून दुसरे कितीही रुचकर भक्ष्य गेले तरी तो ढुंकून पाहत नाही. म्हणून जाणता मासेमार नदीवर पोहोचल्याबरोबर काठी जोडीत नाही. तो पुलाखालच्या कोळ्यांच्या जाळ्यांत काय अडकले आहे ते पाहतो, एक-दोन दगड उलटतो आणि ते पुन्हा होते तसे ठेवतो.

माशी बांधण्याच्या कलेत दोन प्रवृत्ती दिसतात. पहिलीचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर याने केलेले मे-माशीचे अर्भक. गळ एका छोट्या शिकंज्यात धरावयाचा, तांब्याची केसासारखी बारीक तार त्याभोवती गुंडाळून पुढच्या भागाला फुगवटा आणावयाचा, मग फेझंट पक्ष्याच्या शेपटीतील तांबूस पिसाचे चार तंतू त्याच तारेने बांधून टाकावयाचे. धागा नाही. माशी बुडावी म्हणून लागणारे वजन आणि बांधावयाचा दोरा ही दोन्ही कामे तारच करते. सॉयरने तिला पाय लावले नाहीत, कारण पोहणारे अर्भक पाय अंगाशी घट्ट धरते हे त्याने वर्षानुवर्षे नदीत पाहून ठेवले होते.

दुसरी प्रवृत्ती आहे दिमाखाची. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सामन माशासाठी ज्या माश्या बांधल्या गेल्या, त्या कोणत्याही कीटकासारख्या दिसत नाहीत. त्यांत जगाच्या कानाकोपऱ्यांतील पक्ष्यांची पिसे एकत्र आली. आपल्या सह्याद्रीत व दक्षिणेच्या जंगलांत राहणारा राखी रानकोंबडा याच कारणाने तिकडे प्रसिद्धी पावला. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात; माशीच्या बाजूस लावले की ते डोळ्यासारखे दिसतात. या पक्ष्याला आता वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि तिकडचे कारागीर पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसे वापरतात. तरीही जुन्या कृतीतील मूळ पिसांचा हव्यास पूर्णपणे शमलेला नाही. २००९ साली इंग्लंडमधील ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, ती याच हव्यासापायी. आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले काही नमुनेही त्यांत होते. चोर पकडला गेला, परंतु अनेक कातड्यांवरील नोंदींच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि चिठ्ठीवाचून अशा नमुन्याचे शास्त्रीय मूल्य जवळजवळ संपते. विशेष म्हणजे अशा पिसांच्या माश्या बहुधा पाण्याचा थेंबही पाहत नाहीत. त्या काचेखाली ठेवण्यासाठीच बांधल्या जातात.

आता शिष्टाचाराकडे वळावयास हरकत नाही. नदीवरचे नियम बाहेरच्याला उमरावी चोचले वाटतात. काही तसे आहेतही. परंतु बहुतेकांचे मूळ माशाच्या डोळ्यात आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो, कारण अन्न वरून वाहत येते. पाण्याबाहेरचे सारे जग प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे त्याला डोक्यावरच्या वर्तुळाकार खिडकीतून, सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, दिसते. काठावर ताठ उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कडेशी दिसतो. गुडघे टेकलेला सहसा दिसत नाही. मागून येणारा तर दृष्टीच्या टप्प्याबाहेरच असतो. यावरून खालून वर, प्रवाहाच्या विरुद्ध चढत जाण्याची रीत पडली.

एकदा हे ध्यानात आले की पुढचे नियम आपोआप उलगडतात. वर चढत असलेल्या माणसाच्या पुढे जाऊन पाण्यात उतरणे हा नदीवरचा मोठा अपराध होय, कारण गढूळ झालेले पाणी आणि बिथरलेले मासे हेच मग त्याच्या वाट्याला येतात. पुढे जावयाचेच असेल तर काठापासून दूर, शेतातून वळसा घेऊन जावे आणि पुरेसे पाणी मोकळे सोडावे. सामनच्या नद्यांवर वरून खाली उतरत मासेमारी होते. तेथे नवागताने आधीच्या माणसाच्या मागे, म्हणजे वरच्या अंगाला, उतरावयाचे असते. डोहाकाठी कोणी नुसता बसलेला दिसला तरी तो डोह त्याचा समजावा. तो पाणी शांत होण्याची वाट पाहत असतो. त्याला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर रागावू नये.

शिष्टाचाराचा अतिरेकही झालेला आहे. फ्रेडरिक हॅलफोर्ड यांनी १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या अनुयायांनी दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या नद्यांवर असा दंडक घातला की, पृष्ठभागावर खाताना दिसणाऱ्या माशालाच, आणि तेही तरंगत्या माशीनेच, धरावे. जी. ई. एम. स्क्यूस या वकिलाने १९१० मध्ये दाखवून दिले की ट्राउट आपले बरेचसे अन्न पाण्याखालीच घेतो. मग बुडालेल्या अर्भकाची नक्कल का वापरू नये? यावर जे वादळ उठले ते अठ्ठावीस वर्षे शमले नाही. १९३८ मध्ये लंडनच्या एका क्लबात यावर रीतसर वादसभा झाली आणि त्याच वर्षी स्क्यूसने इचेन नदीवरील आपले दीर्घकाळचे पाणी सोडले. निरीक्षण स्क्यूसच्या बाजूचे होते, सभ्यतेची भाषा विरोधकांच्या. आज त्याची पद्धत जगभर चालते.

भारतातून बांबू आणि पिसे तिकडे गेली. मासा मात्र उलट दिशेने आला. महाराजा प्रतापसिंह यांच्या कारकिर्दीत काश्मीरमध्ये ट्राउटची अंडी आणण्याचा पहिला प्रयत्न झाला, तो वाटेतच फसला. १९०० मध्ये आलेली खेप जगली आणि श्रीनगरजवळच्या हारवन येथे पैदास सुरू झाली. गालिच्यांच्या व्यवसायातील मिचेल नावाच्या गृहस्थांनी हे काम हौसेने सांभाळले. पुढे कुलू खोऱ्यातही ट्राउट सोडण्यात आला, तर निलगिरीत रेनबो ट्राउट स्थिरावला. लिद्दर, सिंध, ब्रिंगी या नद्यांचे आज पट्टे पाडलेले आहेत आणि एका पट्ट्यावर दिवसाला मोजक्याच लोकांना परवाना मिळतो. इंग्लंडमध्ये खाजगी मालकी जे करते ते येथे परवाना करतो: माणसांना एकमेकांपासून दूर ठेवतो. परंतु ज्या नदीत ट्राउट पाहुणा म्हणून आला, तेथे आधीपासून स्नो ट्राउट राहत होता. नावाने ट्राउट असला तरी तो कार्पच्या कुळातील आहे. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परकीय जीवजातींच्या यादीत तपकिरी ट्राउट व रेनबो ट्राउट या दोघांचाही समावेश आहे, ही गोष्ट हिमालयातील नद्यांवर उभे राहताना सोयीस्करपणे विसरली जाते.

धरलेला मासा सोडून देण्याची रीत अलीकडे पुष्कळ रूढ झाली आहे. ती वाटते तितकी निरुपद्रवी नाही. कोरड्या हाताने धरल्यास माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व जखमेतून बुरशी शिरते. पाणी वीस अंशांच्या वर तापले असेल तर दमलेला मासा पोहत गेलेला दिसूनही पुढे मरतो. म्हणून काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करावेत आणि शक्यतो मासा पाण्याबाहेर काढूच नये. स्वित्झर्लंडने तर २००९ पासून सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरण्यास मनाई केली आहे. ज्याला खावयाचे नाही त्याने माशाला छळू नये, अशी तेथील भूमिका. तिचे समाधानकारक उत्तर मासेमारांजवळ अद्याप नाही.

नियमांची भर पडतच आहे. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील एका नदीत डिडिमो नावाचे सूक्ष्म शैवल आढळले. ते दगडांवर लोकरीसारखा जाड थर धरते आणि मे-माशीचे घरच झाकून टाकते. पाण्यात घसरू नये म्हणून बुटांच्या तळव्यांना नमदा लावण्याची पद्धत होती. नमद्यात ओल टिकते व तीतून शैवल एका नदीतून दुसरीत जाऊ शकते, म्हणून २००८ मध्ये त्या देशाने असे तळवे बंद केले. आता तेथील मासेमार एका नदीवरून दुसरीवर जाण्यापूर्वी बूट, जाळी आणि दोर घासून धुतो व पूर्ण वाळवतो. उत्तर भारतातील नद्यांवर हिवाळ्यातील बंदीचा काळ असाच पाळावयाचा असतो. त्या दिवसांत ट्राउटची मादी तळाच्या वाळूखड्यात खळगा करून अंडी घालते. वरून तो भाग केवळ धुतल्यासारखा स्वच्छ, फिकट दिसतो. पाण्यात उतरणाऱ्याने तो ओळखावा आणि पाऊल दुसरीकडे टाकावे.