बुडालेल्या शाळेचा हिशेब कोण देणार?

पाऊस कोसळला, नदी धोक्याच्या पातळीवर गेली, की जिल्हाधिकारी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन शाळांना सुट्टी जाहीर करतात. लेकरांचा जीव आधी वाचला पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. आमचा प्रश्न सुट्टी संपल्यानंतरचा आहे. बुडालेले दिवस कोण भरून काढणार, केव्हा काढणार आणि ते खरोखर भरून निघाले की नाही, हे कोण तपासणार?

कायदा काय सांगतो ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास शिकवणे बंधनकारक आहे. आपल्या राज्याची माध्यमिक शाळा संहिता तर २३० दिवस कामाचे आणि ७६ पेक्षा जास्त सुट्ट्या नकोत, असे सांगते. आकडे चोख आहेत. परंतु पुरात, साथीत दिवस बुडाले तर ते कोणत्या रीतीने परत द्यायचे, हे त्या परिशिष्टात लिहिलेले नाही. तेवढे परिपत्रकावर सोपवले आहे. हक्क कायद्यात आणि त्याची भरपाई साहेबांच्या मर्जीवर, अशी ही व्यवस्था आहे.

अमेरिकेत शाळांच्या दिवसांचा नियम प्रत्येक राज्य स्वतः करते. बर्फवृष्टीने शाळा बंद पडणार हे तिथे गृहीत असते, म्हणून अनेक ठिकाणी वर्षाच्या वेळापत्रकातच भरपाईचे राखीव दिवस आधी छापलेले असतात. आपल्याकडेही पावसाळा दरवर्षी येतो. मग आपल्या वेळापत्रकात राखीव दिवस का नाहीत?

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर, धाराशिवकडची गावे बुडाली. अशा वेळी पहिले पाणी कोणाच्या घरात शिरते? ओढ्याकाठी, नदीकाठी, गावकुसाबाहेर ज्यांना शतकानुशतके ढकलून ठेवले त्यांच्या घरात! त्यांची पुस्तके, वह्या, गणवेश वाहून जातात. गावातली शाळाच निवारा केंद्र होते. पाणी ओसरले तरी वर्ग लगेच भरत नाही. पैसेवाल्याचे पोर खासगी शिकवणीत तो तोटा भरून काढते. शेतमजुराच्या पोराचा तोटा मात्र कायमचा होतो.

कोरोनाने तर हे सारे उघडे पाडले. मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे सुमारे वीस महिने! त्यावर उपाय म्हणून शासनाने जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला. तोही शाळा बंद असतानाच सुरू झाला. ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, त्या घरातल्या मुलीने हा सेतू कशावरून ओलांडायचा होता?

आता भरपाईची नेहमीची रीत पाहा. शनिवारी पूर्ण दिवस शाळा, रविवारी वर्ग, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीतले दिवस कापणे. कागदावर दिवस पूर्ण होतात. पण बीडच्या ऊसतोड कामगाराचे बिऱ्हाड दसरा-दिवाळीनंतर कारखान्याच्या वाटेला लागते. पावसाळ्यात बुडालेला दिवस नंतर भरून काढला, तर त्या वर्गात हे लेकरू असेल कुठे? आणि रविवारी पोषण आहार शिजणार नसेल, तर मजुराचे पोर अर्धपोटी तास कसा ऐकणार? शाळेचे दिवस भरले म्हणजे मुलांचे शिक्षण भरून निघाले, हा हिशेबच खोटा आहे.

शिवाय काही शाळा आदेश न निघताही बंद पडतात. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला जुंपण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम २७ ने दिली आहे. वाडी-वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेतला शिक्षक त्या कामाला गेला, की त्या दिवशी शिकवायला कोण उरते?

मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. त्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलत होते. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात, हा आकडा त्यांनी सरकारपुढे ठेवला. शाळेत पाऊल टाकलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पटावर नाव आहे यावर बाबासाहेब समाधानी नव्हते. आपणही राहता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक शाळेने बुडालेल्या दिवसांचा व तासांचा हिशेब फळ्यावर लावावा. वार्षिक वेळापत्रकातच राखीव दिवस ठेवावेत. भरपाईच्या दिवशीही पोषण आहार मिळावा. स्थलांतरित मुलांना ते जिथे असतील तिथे हे तास मिळावेत. आणि हे सारे परिपत्रकात न ठेवता नियमात यावे.

तोवर आपण हात बांधून बसायचे काय? मुळीच नाही. कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा असतात. त्या जागा कागदावर भरून पाटलाच्या वाड्यातून समिती चालवली जात असेल, तर ते थांबवा. बौद्धवाड्यातल्या, मातंग वस्तीतल्या, पारधी-वडारांच्या पालावरच्या आई-बापांनी पुढच्या बैठकीत उभे राहून एवढेच विचारावे, ‘गुरुजी, यंदा शाळेचे किती दिवस बुडाले आणि त्यातले किती आमच्या लेकरांना परत मिळाले?’ उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. पंचनामा शेताचा होतो, घराचा होतो. आता शाळेचाही झाला पाहिजे.

जय भीम!