टर्बोची शिट्टी, तेलाचा डाग
टर्बो डिझेल गाडी थोडी शिट्टी घालतेच. तिला घाबरू नका. टर्बोचा दांडा मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. मी कान देतो तो आवाज बदलला का, याकडे. चढावर ॲक्सिलरेटर दाबताच ‘फुस्स’ झालं, काळा धूर आला नि ओढ कमी झाली, तर आधी इंटरकूलरचे रबरी पाइप आणि क्लिपा पाहाव्यात. भोंग्यासारखा चढत जाणारा किंवा धातू घासल्याचा आवाज मात्र बहुधा बेअरिंगचा.

हवेच्या पाइपात तेलाचा हलका ओलावा असतोच. साचलेलं तेल नको. पण मेकॅनिक ‘टर्बो बदला’ म्हणाला, तर ब्रीदर आणि तेल परतीचा पाइप तुंबलाय का, हे आधी विचाराच. ते तुंबले की चांगला टर्बोही तेल सोडतो आणि हजारो रुपयांचा नवाही गळतो!

निळा धूर येतोय, तेल घटतंय, तर गाडी चालवू नये. इंजिन स्वतःचंच तेल जाळू लागलं, की किल्ली काढूनही थांबत नाही. हातगिअरची गाडी उभी असेल, तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा नि क्लच सोडावा. नाही जमलं, तर उतरून लांब जावं.