ॲल्युमिनिअमचे अदृश्य कवच आणि आपली औषधी पात्रे

विजयदुर्ग परिसरातील सड्यांवरचा जांभा दगड लोह व ॲल्युमिनिअम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध आहे. त्याचाच ॲल्युमिनिअमबहुल प्रकार म्हणजे बॉक्साइट. मात्र हा धातू प्रथम वेगळा झाला तो १८२५ मध्ये. म्हणूनच आपल्या ग्रंथांत स्फटिका, अर्थात तुरटी, येते. ज्यांना लोक 'जर्मनची भांडी' म्हणतात त्या पात्रांविषयी निर्देश नाही. शार्ङ्गधरांनी क्वाथासाठी मृत्पात्र सांगितले आहे. औषधनिर्मितीत हे नवे पात्र कोठे चालेल, याचा विचार आपणच करावयास हवा.

ॲल्युमिनिअम हा मूलतः अत्यंत क्रियाशील धातू आहे. तरीही तो हवेत टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर क्षणार्धात ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर बसतो. पितळी भांड्याची कल्हई उडाली की कल्हईवाल्याकडे जावे लागते. येथे ओरखडा पडला तरी हवेतील प्राणवायूमुळे थर आपोआप भरून येतो. ॲनोडायझिंग करून हाच थर विद्युतक्रियेने हजारो पट जाड करता येतो.

परंतु या कवचाला मर्यादा आहेत. साधारण ४ ते ८.५ या सामूच्या, म्हणजे पीएचच्या, कक्षेतच ते स्थिर राहते. कोकमाचा आगळ, चिंच, आमलकी यांचे अम्लत्व या कक्षेबाहेरचे आहे. आसव-अरिष्टेही सीमेवर किंवा त्याखालीच असतात. दुसऱ्या टोकाला अपामार्गादी क्षारांची तीव्र द्रावणे थर विरघळवून धातूशी क्रिया करतात व हायड्रोजन वायू सुटतो. मिठातील क्लोराइड थराला जागोजागी भेदते. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरील खाऱ्या दमट हवेत भांड्यांना बारीक खड्डे पडतात.

रसशाळेसाठी सर्वांत महत्त्वाचा इशारा पारदाचा आहे. ओरखड्यातून पारद धातूपर्यंत पोहोचला की मिश्रधातू बनतो आणि थर पुन्हा घट्ट बसू शकत नाही. दमट हवेत पांढरी लोकरीसारखी वाढ होऊन पात्र पोखरले जाते. या क्रियेत पारद खर्ची पडत नसल्याने ती चालूच राहते. विमानातून पारद नेण्यावर कडक निर्बंध आहेत ते याच कारणाने.

चिकित्सेच्या दृष्टीने पाहता, शोषित ॲल्युमिनिअम मुख्यत्वे वृक्कांवाटे बाहेर पडते. निरोगी व्यक्तीस अल्प प्रमाणाने सहसा बाधा होत नाही. अल्झायमरशी संबंधही सिद्ध झालेला नाही. वृक्कविकाराच्या रुग्णांत मात्र ते साठते. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातील ॲल्युमिनिअममुळे मेंदूचे गंभीर विकार झाल्याचे दिसून आले. अशा रुग्णास दीर्घकाळ क्वाथ देताना तो कोणत्या भांड्यात उकळला जातो, हे विचारणे वैद्याचे कर्तव्य ठरते.

व्यवहारात आम्ही पुढील पथ्य सुचवितो. अम्ल द्रव्यांचे क्वाथ, आसव-अरिष्टे व क्षार यांसाठी मृत्पात्र, काच किंवा चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. पारदाजवळ ॲल्युमिनिअमची ताटली, चमचा वा तराजूचे पारडेही नसावे. कोरड्या वनस्पती पसरण्यास मात्र या परातींची हरकत नाही. पाणी उकळून काळवंडलेले पातेले राखेने घासण्याचा आग्रह धरू नये. तो काळपटपणा म्हणजे जाड झालेले कवचच होय. उलट, काळे पातेले आंबट काढा उकळताच आतून लखलखीत झाले, तर तो थर काढ्यात उतरला असे समजावे आणि तो काढा रुग्णास देऊ नये.