नाकात वाढलेलं मांस आणि स्प्रेची भीती

इंदुरात सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरलं, की प्लेट हातात यायच्या आधी वास नाकात पोचतो. तो हळूहळू येईनासा झाला, तर माणूस आधी जिरावणाला दोष देतो, मग सर्दीला, मग वयाला. नाकात पॉलिप झाले असतील हे डोक्यातही येत नाही, कारण ते दुखत नाहीत.

नाक आणि सायनसच्या पोकळ्यांना आतून ओलसर अस्तर असतं. ते महिनोन्‌महिने सुजलेलं राहिलं, की त्यात द्रव साठतो आणि ते लोंबू लागतं; तोच पॉलिप. बहुधा दोन डोळ्यांच्या मधल्या छोट्या पोकळ्यांपासून याची सुरुवात होते. दुर्बिणीतून पाहिलं तर सोललेल्या द्राक्षासारखं दिसतं: ओलं, फिकट, राखाडी. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी वरच्या टोकाला असतात आणि हवेची तिथली वाट बंद होते. दोन्ही नाकपुड्या चोंदतात, कफ घशात उतरतो, आवाज गेंगाणा होतो, झोपेत तोंड उघडं राहतं. अनेकांना जोडीला दमाही असतो.

आरशासमोर टॉर्च धरून नाकात गुलाबी फुगवटा दिसला म्हणून घाबरून येणारेही पुष्कळ. तो बहुतेकदा नाकाच्या बाजूच्या भिंतीचा नेहमीचा मांसल भाग असतो, सर्दीत फुगलेला. डॉक्टरांनी सळईने हलकेच स्पर्श केला तर तो दुखतो. पॉलिपला काहीच जाणवत नाही. हे ‘मांस’ औषध लावून जाळून देणारे लोक गावोगाव भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. नाकाचा पडदा कायमचा जायबंदी होऊ शकतो.

इंदुरात या आजाराच्या उपचाराला एक वेगळीच अडचण आहे. 2021च्या उन्हाळ्यात एमवाय हॉस्पिटलचे वॉर्ड काळ्या बुरशीच्या, म्हणजे म्युकरमायकोसिसच्या रुग्णांनी भरले होते. कोविड, हाताबाहेर गेलेली साखर आणि बेहिशेबी स्टेरॉइड यांचा तो परिणाम होता. ज्या घरांनी ते दिवस पाहिले, तिथे स्टेरॉइड हा शब्द अजूनही अंगावर काटा आणतो. आणि पॉलिपवरचा पहिला उपचार नेमका स्टेरॉइडचा स्प्रेच असतो. बाटली घरी येते, सोबतचा कागद वाचला जातो आणि बाटली कपाटात जाते.

ही भीती समजण्यासारखी आहे, पण आकडे पाहा. कोविडमध्ये डेक्सामेथासोनचा नेहमीचा डोस रोज 6 मिलिग्रॅम, आणि तो रक्तातून सगळ्या शरीरात जायचा. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनच्या एका फवाऱ्यात साधारण 50 मायक्रोग्रॅम औषध असतं; मिलिग्रॅमचा विसावा भाग. ते थेट अस्तरावर पडतं आणि त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. पॉलिप आणि म्युकर हे आजारही वेगळे.

स्प्रे मारण्याची रीत मात्र नीट हवी. आधी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवावं. मान किंचित खाली. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजवीत डाव्या हाताने; टोक कानाच्या दिशेला, मधल्या पडद्याकडे नाही, नाहीतर घोळणा फुटतो. श्वास हलकेच घ्यावा, जोरात ओढला तर औषध घशात जातं. गुण यायला काही आठवडे लागतात. दोन मिनिटांत नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलीनचे थेंब म्हणूनच लोकांना आवडतात, पण ते आठवड्याहून जास्त घातले तर नाक उलट अधिक चोंदतं.

स्प्रेने भागलं नाही तर थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, आणि तिथे मधुमेह्याची साखर खरोखर सांभाळावी लागते. त्यानंतर शस्त्रक्रिया. हिप्पोक्रेटिसच्या काळी दोऱ्याला स्पंज बांधून तो नाकातून ओढून पॉलिप काढत. आजची दुर्बिणीची पद्धत ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर आणि स्टॅमबर्गर यांनी घडवली. बुरशीच्या ॲलर्जीमुळे सायनसमध्ये चिकट घट्ट मळ साठला असेल, तर तो धुऊन काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. शस्त्रक्रियेने पॉलिप निघतात, अस्तराची सुजण्याची खोड राहते, त्यामुळे स्प्रे नंतरही चालू ठेवावा लागतो. तरीही पुन्हा पुन्हा उगवत असतील तर डुपिलुमॅबची इंजेक्शनं आहेत. अमेरिकेत त्यांना पॉलिपसाठी 2019 मध्ये मान्यता मिळाली. महाग आहेत, हाच मोठा अडसर. दमा आणि पॉलिप दोन्ही असणाऱ्या काहींना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकाने धाप लागते. तसं एकदा जरी झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वाढ एकाच नाकपुडीत असेल किंवा रक्त येत असेल, तर मात्र केवळ स्प्रेवर वेळ काढू नये. सीटी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी हवी, कारण ती गाठ दुसरीच असू शकते. लालसर, पांढऱ्या ठिपक्यांची, चटकन रक्त येणारी वाढ ऱ्हायनोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्मजीवाची असू शकते. शेजारच्या छत्तीसगडात, तळ्यात अंघोळ करणाऱ्यांत ती नेहमी आढळते. आणि तान्ह्या मुलाच्या नाकात गाठ दिसली तर स्कॅन होईपर्यंत तिला कोणीही चिमटा लावता कामा नये. कधीकधी तो कवटीतून खाली उतरलेला मेंदूचा भाग असतो.