शेलमधील चालू कामे : थांबणे आणि संपणे

मोठ्या मजकूरसंग्रहातील शब्दांची वारंवारिता मोजण्याची आज्ञा शेलला दिली, की ते काम कित्येकदा तासभर चालते. तोवर दुसरी आज्ञा देता येत नाही. अशा वेळी खिडकी बंद केल्यास सामान्यतः कामही संपते आणि झालेली मोजणी वाया जाते. म्हणून चालू कामे कशी पाहावीत व हाताळावीत, हे समजून घेऊ. येथे १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला ‘बॅश’ हा शेल गृहीत धरला आहे. आज्ञा उच्चारानुसार दिल्या आहेत. त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्यात.

कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबल्या, की काम स्थगित होते. पडद्यावर ‘स्टॉप्ड’ असा शब्द उमटतो. त्यावरून काम संपले असे समजू नये. मराठीत ‘थांबणे’ या क्रियापदाला ‘वाट पाहणे’ असाही अर्थ आहे. ‘मी स्थानकावर थांबतो’ असे म्हणणारा माणूस निघून गेलेला नसतो. स्थगित कामही तसेच पुढील आज्ञेची वाट पाहत असते. कंट्रोल आणि सी या कळा मात्र सहसा काम संपवतात.

‘जॉब्स’ ही आज्ञा त्या शेलमधील कामांची यादी दाखवते. प्रत्येक कामाचा क्रमांक चौकटी कंसात असतो. ‘बीजी’ या आज्ञेपुढे टक्केचिन्ह व क्रमांक लिहिल्यास स्थगित काम पार्श्वभूमीत पुन्हा सुरू होते. ‘एफजी’ने ते पुढे आणता येते. निकाल फाइलीत साठवला जात असेल, तर काम पार्श्वभूमीत सुरू करून ‘डिसओन’ ही आज्ञा द्यावी. मग खिडकी बंद केली तरी ते चालू राहते.

काम संपवण्यासाठी ‘किल’ वापरतात. साधी ‘किल’ ही एक प्रकारे विनंती असते; कार्यक्रमाला आवराआवर करण्याची संधी मिळते. तिला उणे ९ जोडल्यास ती संधी उरत नाही व फाइल अर्धवट राहू शकते. म्हणून हा उपाय अखेरचाच मानावा.

स्वाध्याय : ‘स्लीप ३००’ हे काम सुरू करून स्थगित करा, पार्श्वभूमीत पाठवा आणि साध्या ‘किल’ने संपवा. प्रत्येक टप्प्यानंतर ‘जॉब्स’ने दिसणारा स्थितिदर्शक शब्द नोंदवून त्याला नेमके मराठी क्रियापद सुचवा.