चिलखत आणि मंत्र : भूमिका-खेळांतील एका नियमाचा अन्वयार्थ

प्रस्तावना :
'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून फाशांच्या साहाय्याने खेळावयाचा भूमिका-खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यातील मांत्रिकास चिलखत वर्ज्य होते. प्रस्तुत लेखात या नियमाचे स्वरूप, त्यामागील कारण आणि आपल्या परंपरेतील 'कवच' या संकल्पनेशी त्याची तुलना यांचा विचार केला आहे.

नियमाचे स्वरूप :
सन २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत सरसकट बंदीऐवजी टक्केवारी आली. चामड्याच्या चिलखतात मंत्र फसण्याची शक्यता १० टक्के, कड्यांच्या चिलखतात ३० टक्के, तर संपूर्ण पोलादी चिलखतात ३५ टक्के मानली गेली. फासा प्रतिकूल पडल्यास मंत्र वाया जातो. चिलखतामुळे हस्तमुद्रा बिघडतात, असे कारण दिले गेले. म्हणून हातवाऱ्यांची गरज नसलेल्या मंत्रांना हा नियम लागू नव्हता. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत टक्केवारी गेली. त्या चिलखताचा सराव असला की मंत्रोच्चारास बाधा येत नाही, असे ठरले.

कारणमीमांसा :
हालचालीचे कारण वरवर पटते. परंतु त्याच तिसऱ्या आवृत्तीत देवोपासक पुरोहित पोलादी चिलखत घालूनही हस्तमुद्रांसह मंत्र निर्वेधपणे योजू शकतो. इतिहासही वेगळेच सांगतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते. हातांच्या चपळाईस त्याची अडचण झाली नाही. तेव्हा नियमाचे खरे कारण समतोलाचे दिसते. मांत्रिकास प्रचंड सामर्थ्य आणि अभेद्य संरक्षण दोन्ही दिले, तर योद्ध्याची भूमिका कोण घेईल?

कवचाची भारतीय संकल्पना :
आपल्याकडे हे नाते नेमके उलट आहे. महाभारतातील योद्धे चिलखत घालूनच मंत्राने अस्त्रे सोडतात. द्रोणपर्वात तर द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर मंत्रपूर्वक कवच बांधतात. कर्णाचे अस्त्र ऐन वेळी स्मरत नाही, ते परशुरामांच्या शापामुळे, चिलखतामुळे नव्हे. पुढे स्तोत्रवाङ्मयात मंत्र हेच कवच झाले. महाराष्ट्रात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या रामरक्षेत मस्तकापासून पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या स्वाधीन केला जातो. षडंगन्यासात हृदय, शिर, शिखा, कवच, नेत्र व अस्त्र असा क्रम असून, कवचन्यासाच्या वेळी दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन खांद्यांना स्पर्श करतात. म्हणजे तेथे जी हस्तमुद्रा चिलखतामुळे बिघडते, तीच येथे कवच निर्माण करते.

निष्कर्ष :
खेळाचा नियम हा निसर्गनियम नसून एका संस्कृतीच्या कल्पनाविश्वातील सोयीची मांडणी असते. असे खेळ मराठीत आणताना याचे भान आवश्यक आहे. 'कवच घातल्यास मंत्र निष्फळ होतो' हे वाक्य मराठी वाचकास परस्परविरोधी वाटेल. तेथे 'चिलखत' हाच शब्द योग्य ठरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मंत्राची किंमत संरक्षण गमावून मोजावी, की तप, स्मरण आणि अधिकार यांनी, हा प्रश्न मराठी खेळकर्त्याने नव्याने विचारावयास हवा. त्याचे उत्तर आपल्याच वाङ्मयात शोधण्यास विद्यार्थ्यांना प्रवृत्त केल्यास खेळाचा नियमही तुलनात्मक अभ्यासाचे साधन ठरू शकेल.